माडावर चढताना वापरायची आवळपट्टी: आराखड्यापासून चाचणीपर्यंत

कोकणात आणि गोव्यात माडावरून नारळ उतरवणारा पाडेली आता हंगामात शोधत फिरावा लागतो, आणि जो सापडतो तो बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. त्याची जागा हळूहळू यंत्रावर चढणारी तरुण मुले घेत आहेत. केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील चेंबेरी गावात तयार झालेले पायाने चालवायचे यंत्र आणि नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये सुरू केलेले ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हे प्रशिक्षण यांमुळे यंत्रावर चढण्याची पद्धत सर्वत्र पोचली. यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दोन पायांसाठी दोन चौकटी असतात, प्रत्येक चौकटीला बुंध्याभोवती जाणारा तारेचा फेर असतो, आणि चढणाऱ्याच्या वजनाने तो फेर बुंध्यावर आवळला जातो. वजन काढले की फेर सैल होतो आणि चौकट वर सरकवता येते.

दोष असतो तो याच तत्त्वाच्या पोटात. एक पाय उचलला असताना संपूर्ण माणूस दुसऱ्या पायाच्या एका फेरावर उभा असतो. शेवाळलेल्या बुंध्यावर तो फेर घसरला किंवा पाय पट्ट्यातून निसटला, तर शरीराला धरून ठेवणारे दुसरे काहीही शिल्लक राहत नाही. म्हणून यंत्राशी संबंध नसलेला, थेट अंगावरच्या हार्नेसला (अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या संचाला) जोडलेला तिसरा फेर हवा. माणूस खाली आला की तो बुंध्यावर आपोआप आवळला गेला पाहिजे. या तिसऱ्या फेराचा मुख्य सांधा म्हणजे दोन भोकांची एक जाड पट्टी असते. आमच्या वर्कशॉपमध्ये तिला आवळपट्टी म्हणतात. ती कशी आखावी, कशी कापावी आणि मुख्य म्हणजे ती वापरण्यालायक आहे की नाही हे कसे ठरवावे, याची माहिती पुढे दिली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सारे फॅब्रिकेशनची सवय असलेल्या, पण जीवरक्षक साहित्य पूर्वी कधी न बनवलेल्या माणसासाठी लिहिले आहे. गेट आणि ग्रिल बनवणाऱ्याचा हात कितीही तयार असला तरी इथे त्याला नवखेच समजावे, कारण गेटचा सांधा सुटला तर गेट लोंबकळते, इथे माणूस खाली येतो. स्वतःच्या बागेसाठी आणि चाचणीच्या सगळ्या पायऱ्या पार पडल्यावरच ही पट्टी वापरावी. विकायची असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय एकही नग दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

काय बनवावे आणि काय विकतच घ्यावे

नवख्या माणसाला सगळेच स्वतः बनवण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. हार्नेस, दोर, कॅराबिनर (उघडझाप होणारे गेट असलेली धातूची कडी) आणि धक्का शोषणारी पट्टी या चार वस्तू विकतच घ्याव्यात, त्यात तडजोड नको. हार्नेसची ताकद त्याच्या शिवणीत असते आणि शिवण किती भार घेईल हे डोळ्यांना दिसत नाही. कॅराबिनर हे उष्णता-प्रक्रिया केलेले घडीव साहित्य आहे, त्याच्या दांड्याचा आणि गेटचा मेळ वर्कशॉपमध्ये साधत नाही. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्यावा आणि त्यावर आय. एस. ३५२१ या भारतीय मानकाची खूण आहे का ते पाहावे. नुसता कमरपट्टा घेऊ नये. कमरपट्ट्यावर पडलेला माणूस दोराने वाचतो आणि पाठीच्या मणक्याने जायबंदी होतो, किंवा उलटा होऊन पट्ट्यातून निसटतो.

दोरासाठी मधोमध पोलादी तार असलेले, लांबी कमी-जास्त करण्याचा चिमटा बसवलेले आणि एका टोकाला कारखान्यातच पक्का केलेला डोळा असलेले तयार लॅनयार्ड (हार्नेसला आधाराशी जोडणारा दोर) घ्यावे. पोलादी तारेचे कारण माडावर गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही, कारण घड कापताना कोयता दोराच्या जवळून जातोच. नुसता दोर एका फटक्यात तुटतो, तार असलेला निदान तो फटका सोसतो. बाजारात किलोवर मिळणारा पिवळा किंवा निळा प्लास्टिकचा दोर या कामात कुठेही नको. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसलाच वितळतो. घसरताना घर्षणाने तेवढी उष्णता सहज निर्माण होते.

एवढे विकत घेतल्यावर बनवण्यासाठी उरते ती फक्त पट्टी. ती बनवण्यात अर्थ आहे, कारण तिचा आकार आपल्या दोराच्या जाडीप्रमाणे ठेवावा लागतो, आणि ती एकाच धातूच्या तुकड्याची असल्याने तिच्यात लपलेले काही नसते. जी वस्तू स्वतः तोडून तपासता येते तीच स्वतः बनवावी, हा निकष मी तेव्हापासून पाळत आलो आहे.

माडाचे माप

कागद-पेन्सिलीला हात लावण्याआधी मापाची फीत घेऊन बागेत जावे. ज्या माडांवर चढायचे आहे त्यांतील सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक माड निवडून छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजावा. शेंड्याखालचा घेर एखाद्या पाडेलीकडून सुतळीने मोजून घ्यावा. बुडाचा फुगवटा सोडला तर उंच बाणवली माडाचा घेर खाली साधारण एक मीटरच्या आसपास आणि वर त्याहून बराच कमी भरतो.

हा फरक किरकोळ वाटतो, पण सगळ्या रचनेत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे. समजा खाली घेर ११० सेंटीमीटर आणि वर ७५ सेंटीमीटर आहे. जमिनीवर उभे राहून लॅनयार्ड अशा लांबीला लावले की पट्टीपासून छातीच्या कडीपर्यंत ३० सेंटीमीटर दोर मोकळा उरतो. चढता चढता बुंध्याभोवतीचा फेर लहान होत जातो आणि वाचलेला प्रत्येक सेंटीमीटर या मोकळ्या भागात येतो. शेंड्याखाली पोचेपर्यंत ३० चे ६५ झालेले असतात. म्हणजे जिथे पडणे सर्वांत घातक, नेमक्या त्याच जागी पडण्याचे अंतर दुपटीहून जास्त झालेले असते, आणि चढणाऱ्याला ते जाणवतही नाही. म्हणूनच लांबी बदलणारा चिमटा असलेले लॅनयार्ड हवे आणि दर पाच-सहा पावलांनी ढील ओढून घेण्याची सवय हवी.

माप घेतानाच माड तपासावा. माड एकदल वनस्पती आहे, त्याच्या खोडावर झालेली जखम आंबा-फणसासारखी नव्या सालीने भरून येत नाही, त्यामुळे जुन्या खाचा, दगडाचे घाव, खिळ्यांची भोके जन्मभर राहतात. बुंध्यावर तांबूस-तपकिरी चिकट द्राव ओघळलेला दिसला किंवा भोकातून चघळलेला तंतूंचा चोथा बाहेर आलेला दिसला, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या असण्याची शक्यता असते. असा माड बाहेरून उभा आणि आतून पोकळ असू शकतो. कोयत्याच्या मुठीने ठोकून आवाज ऐकावा आणि शंका आली तर त्या माडावर चढू नये. पट्टी कितीही मजबूत असली तरी तिचा आधार शेवटी बुंधाच असतो. पोफळीसाठी ही रचना अजिबात नाही. पोफळीचे खोड बारीक आणि लवचीक असते, तिचा हिशेबच वेगळा आहे.

भाराचा हिशेब

इथे थोडे गणित आहे, ते टाळू नये. ८० किलोचा माणूस ६० सेंटीमीटर मोकळा पडला आणि पुढच्या १० सेंटीमीटर अंतरात थांबला, तर त्या थांबण्याच्या काळात दोरावर सरासरी सुमारे साडेपाच किलोन्यूटन भार येतो. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजन, त्यामुळे हा भार ५६० किलोंच्या आसपास होतो. तोच माणूस ५ सेंटीमीटरमध्ये थांबला तर भार १० किलोन्यूटनच्या वर जातो, आणि २० सेंटीमीटरमध्ये थांबला तर ३ किलोन्यूटनच्या थोडा वर राहतो. क्षणभराचा कमाल भार या सरासरीपेक्षा अधिक असतो हेही लक्षात ठेवावे.

या तीन आकड्यांकडे पाहिल्यावर एक उलटी वाटणारी गोष्ट कळते. फेर बुंध्यावर खिळ्यासारखा जागच्या जागी थांबणे चांगले नाही. तो थोडा घसरत, घासत थांबला तर माणसाच्या अंगावर येणारा धक्का निम्म्याहून कमी होतो. नवखे लोक फेराला आतून दाते, टोकदार पट्ट्या किंवा रबराचे जाड तुकडे लावू पाहतात. त्याने पकड वाढते, धक्काही वाढतो, आणि माडाला कायमच्या जखमा होतात.

पडणे अडवणाऱ्या साहित्यासाठी युरोपीय मानकांनी अंगावर येणाऱ्या धक्क्याची मर्यादा ६ किलोन्यूटन धरली आहे, काम करताना आधार देणाऱ्या लॅनयार्डने १५ किलोन्यूटन भार ३ मिनिटे सोसावा असे ठरवले आहे, आणि कॅराबिनरने लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन घ्यावेत असे म्हटले आहे. मी माझ्या पट्टीसाठी दोन आकडे ठरवले. दोर आणि कडीसह १५ किलोन्यूटनला ३ मिनिटे ठेवल्यावर तिच्यात मोजता येईल असा कोणताही बदल होऊ नये, आणि जोडणीतील कोणतीही गोष्ट २२ किलोन्यूटनच्या आत तुटू नये. आकडे आधी कागदावर लिहून ठेवावेत. चाचणीचा निकाल पाहून मग आकडा ठरवणारा माणूस स्वतःलाच फसवत असतो.

आराखडा

माझी पट्टी १३० मिलिमीटर लांब, ७६ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड आहे. तिला ३२ मिलिमीटरचे मोठे आणि २५ मिलिमीटरचे लहान अशी दोन भोके आहेत. लहान भोकात नट घट्ट करून बंद करायची पोलादी कडी बसते आणि तिच्यात लॅनयार्डचा पक्का डोळा येतो. लॅनयार्डचे दुसरे टोक बुंध्याला वळसा घालून मोठ्या भोकातून बाहेर येते आणि चिमट्यामार्फत हार्नेसच्या छातीवरच्या कडीला जोडले जाते. छातीकडून ओढ बसली की दोर मोठ्या भोकातून सरकतो, फेर लहान होतो आणि बुंधा आवळला जातो. वर सरकवताना हाताने पट्टी बुंध्यापासून ढकलली की फेर सैल होतो.

धातूसाठी मी ३१६ जातीचे स्टेनलेस घेतो. किनाऱ्यालगतच्या बागेत ३०४ जातीवर एका पावसाळ्यात चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत ते जास्त टिकते. किनाऱ्यापासून आत, घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्याने साधे लोखंड घेऊन गरम जस्ताचा मुलामा दिला तरी चालेल. ॲल्युमिनियम हलके असते म्हणून अनेकांना आवडते, पण वारंवार भार येत-जात राहिला की त्याला थकवा येतो, म्हणजे आत बारीक भेगा वाढत जातात, आणि जिच्या खालच्या भाराने असा थकवा येतच नाही अशी लोखंडासारखी सुरक्षित मर्यादा त्याला नसते. शिवाय स्टेनलेसची कडी आणि ॲल्युमिनियमची पट्टी खाऱ्या ओलाव्यात एकत्र राहिली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कोल्हापूरकडे ओळख असेल तर कोणीतरी ओतीव नग स्वस्तात करून देण्याची तयारी दाखवेल. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचे काम उत्तम असते, पण साध्या ओतीव लोखंडाला आघात सोसत नाही आणि ओतकामातला आतला पोकळ बुडबुडा दिसत नाही, म्हणून या कामासाठी ओतीव नग नको.

आता ताकद पाहू. ३१६ चे पत्रे २०५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला वाकू लागतात असे धरावे. मोठ्या भोकाच्या दोन्ही बाजूंना मिळून ४४ मिलिमीटर धातू उरतो, गुणिले १२ मिलिमीटर जाडी म्हणजे ५२८ चौरस मिलिमीटर. कडा गोल करताना त्यातला थोडा भाग जातो, तरी सुमारे १०० किलोन्यूटनपर्यंत पट्टी तिथे हलत नाही. लहान भोकापासून टोकापर्यंत २० मिलिमीटर धातू आहे. तो फाटून निघायचा तर दोन बाजूंनी कातरला जावा लागतो, त्याचा हिशेब ५७ किलोन्यूटनच्या आसपास येतो. म्हणजे आपल्या २२ च्या अडीचपट.

मग १२ मिलिमीटर कशासाठी, असा प्रश्न पडायला हवा. ताकदीसाठी ६ मिलिमीटरही पुरले असते. जाडी आहे ती दोरासाठी. १२ मिलिमीटर जाड पट्टीच्या भोकाची कड दोन्ही बाजूंनी ६ मिलिमीटर त्रिज्येने गोल केली की दोराला साधारण कॅराबिनरच्या दांड्याएवढे गोल वळण मिळते. ६ मिलिमीटरच्या पट्टीत तेच वळण निम्म्या त्रिज्येचे होते, आणि दोर त्यावर वाकून आतली तार एकेक करून तुटू लागते. पट्टी तुटत नाही, ती दोर तोडते. पट्टीचे वजन त्यामुळे पाऊण किलोच्या आसपास जाते आणि चढणारी मुले त्याबद्दल कुरकूर करतात. करू द्यावी.

वेल्डिंगबद्दल

या पट्टीत एकही वेल्ड नाही, आणि ते मुद्दाम आहे. माझा पहिला नमुना वेगळा होता. ८ मिलिमीटरच्या सपाट पट्टीला १२ मिलिमीटर सळईची गोल कडी वेल्ड केलेली होती, म्हणजे कड घासण्याची मेहनत वाचते असा माझा हिशेब होता. वेल्ड दिसायला सुंदर आला होता, एकसारखे मणी, बाजूला कुठेही खळगा नाही. चाचणीच्या ओढीवर आकडा ९ किलोन्यूटनला पोचला आणि कडी साल सोलल्यासारखी पट्टीवरून निघून आली. तुटलेला भाग उन्हात धरून पाहिला तेव्हा खाली पट्टीचा मूळ करडा पापुद्रा जसाच्या तसा चमकत होता. वेल्डचा धातू त्याच्यावर नुसता बसला होता, मुरला नव्हता. करंट कमी आणि पापुद्रा न घासता घाईत केलेले काम, दोन्ही चुका माझ्याच. गेटवर तो वेल्ड वीस वर्षे टिकला असता.

ज्यांना वेल्ड करणे टाळताच येत नाही त्यांनी निदान लाल रंगाची भेगशोधक फवारणी करून पाहावी. आधी लाल द्रव, मग पुसणे, मग पांढरी पावडर, असा तीन डब्यांचा संच फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतो. मात्र त्यात पृष्ठभागावर उघडणारी भेगच दिसते. माझ्या कडीचा दोष आत होता, तो या फवारणीलाही सापडला नसता.

कापणे आणि घासणे

नमुना संगणकावर काढून लेझर किंवा पाण्याच्या झोताने कापणाऱ्या कारखान्यात द्यावा. एका वेळी किमान दहा नग कापून घ्यावेत, कारण त्यातले निम्मे चाचणीतच खर्ची पडतात. सगळे नग एकाच पत्र्यातून कापावेत आणि पत्र्याचे चाचणी-प्रमाणपत्र मागून घ्यावे. भोके लेझरने थोडी लहान ठेवून घरी शेवटच्या मापाला आणणे चांगले, म्हणजे उष्णतेने बाधित झालेली कड निघून जाते.

घासण्यात नवख्याचा दिवस जातो आणि तो गेलाच पाहिजे. आधी गोल कानशीने कडेचा कोपरा मारावा, मग फ्लॅप डिस्कने ६ मिलिमीटर त्रिज्येचा गोलवा आणावा, नंतर १२०, २४० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने हात फिरवावा. त्रिज्या तपासायला पत्र्याचा एक छोटा साचा कापून ठेवावा, नुसत्या नजरेवर विसंबू नये. जी डिस्क आधी साध्या लोखंडावर चालवली ती स्टेनलेसवर चालवू नये, लोखंडाचे कण रुततात आणि महिनाभरात तिथून गंज फुटतो. शेवटी घरातला जुना नायलॉनचा पायमोजा घेऊन भोकातून चारही बाजूंनी ओढावा. बोटाला जी खरखर लागत नाही ती मोज्याच्या धाग्याला लागते. एकही धागा अडकला तर पुन्हा पेपर घ्यावा.

प्रत्येक नगावर क्रमांक आणि महिना-वर्ष ठोकावे, पण ते दोन भोकांच्या मधल्या रुंद भागावर. भोकाच्या कडेला पंच मारला की भेगेला सुरुवात करून दिल्यासारखे होते.

चाचणी

चाचणीसाठी तीन टनांची चेनपुली, पाच टनांचा टांगता डिजिटल काटा आणि जमिनीत पक्के केलेले दोन आधार लागतात. तीन टन म्हणजे २९ किलोन्यूटन, आपल्या कामाला तेवढे पुरते, पुलीवर त्याहून जास्त ओढ देऊ नये. माड किंवा वीजखांबाला बांधून चाचणी करू नये. तुटलेला दोर आणि उडालेली कडी गोळीसारखी येते, म्हणून ओढीच्या रेषेत कोणी उभे राहू नये, मध्ये जाड प्लायवूडची आडोसा-भिंत ठेवावी आणि काट्याचा आकडा मोबाइल लावून लांबून वाचावा.

पहिली चाचणी न तोडता करायची. पट्टीच्या दोन भोकांमधले अंतर आणि भोकांचे व्यास व्हर्निअरने मोजून वहीत लिहावे. ज्या कडीने, ज्या दोराने आणि ज्या कोनात ती माडावर वापरली जाणार आहे तसाच फेर एका जाड पाइपभोवती घालून १५ किलोन्यूटनपर्यंत हळूहळू ओढावे, ३ मिनिटे थांबावे, सोडावे आणि पुन्हा मोजावे. अंतर बदलले असेल तर तो नग आणि त्याच्याबरोबरचा संपूर्ण आराखडा बाद समजावा.

दुसरी चाचणी तुटेपर्यंत. जोडणीचे पाच संच ओढून तोडावेत, पाचही दोर नवीन घ्यावेत. महाग पडते, पण त्याला पर्याय नाही. समजा ते २६, २८, २७, २३ आणि २६ किलोन्यूटनला तुटले. सगळे २२ च्या वर आहेत म्हणून नवखा खूश होतो. सरासरी २६ आहे, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) सुमारे १.८७ येते, त्याची तिप्पट ५.६, आणि सरासरीतून ती वजा केल्यावर उरतात २०.४. म्हणजे सहावा किंवा शंभरावा संच २२ च्या खाली तुटू शकतो, आणि म्हणून ही पाचांची चाचणी नापास आहे. अशा वेळी २३ ला तुटलेला नग शोधून तो नेमका कुठे तुटला ते पाहावे. दोर मोठ्या भोकाच्या कडेवर तुटला असेल तर त्या नगाची कड नीट गोल झालेली नसते, हे बहुतेक वेळा खरे ठरते. नुसती पट्टी तोडून पाहायची असेल तर ती या पुलीवर तुटणार नाही, जवळच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतील ४० टनांच्या चाचणी-यंत्रावर न्यावी. विनंती केली तर बहुतेक ठिकाणी शुल्क घेऊन करून देतात.

तिसरी चाचणी माडावर. वाळूने भरलेले, एकूण १०० किलो वजनाचे पोते दुहेरी जाळीत बांधून तीन मीटर उंचीवरच्या फेराला ६० सेंटीमीटर ढील ठेवून सोडावे आणि फेर बुंध्यावर किती घसरला ते खडूच्या खुणेवरून मोजावे. एक वीत घसरून थांबला तर उत्तम. हातभर घसरला तर दोर त्या बुंध्यासाठी फार गुळगुळीत आहे. हीच चाचणी आषाढात, बुंधा चिंब ओला आणि शेवाळलेला असताना पुन्हा करावी. माझा पहिला फेर मे महिन्यात एक वीत घसरला आणि जुलैमध्ये जमिनीवर आला. तेव्हापासून पावसात माझ्या बागेत कोणी चढत नाही. चाचणीत वापरलेले दोर आणि कड्या पुन्हा माणसासाठी वापरू नयेत.

पहिले चढणे

पहिले आठ-दहा दिवस जमिनीपासून दोन फुटांच्या वर जाऊ नये. त्या उंचीवर मुद्दाम पाय सोडून हार्नेसमध्ये लटकावे, फेर आवळला कसा जातो ते पाहावे, आणि लटकलेल्या स्थितीतून पुन्हा यंत्रावर पाय ठेवता येतो का ते करून पाहावे. पाच मिनिटे लटकल्यावर मांड्यांना मुंग्या येतात. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये बराच वेळ तसाच लटकत राहिला तर पायांत साचलेल्या रक्ताने त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून त्याला काही मिनिटांत खाली आणणारा दुसरा प्रशिक्षित माणूस, दुसरे यंत्र आणि दुसरा दोर बागेत हजर असल्याशिवाय कोणी वर जाऊ नये.

शेंड्याजवळ फेर सर्वांत खालच्या घडाच्या खाली ठेवावा. वाळलेल्या झावळीला आधार म्हणून काहीही बांधू नये. ती कधी सुटेल हे तिलाही माहीत नसते. कोयता नेहमी ज्या हातात असतो त्याच्या विरुद्ध बाजूने दोर जाईल असे पाहावे.

निगा

दर चढाईआधी मोठ्या भोकात बोट फिरवावे आणि दोराचा तोच भाग, जो भोकात वाकतो, तो चिमटीत दाबून तपासावा. आतली तुटलेली तार वरच्या विणीतून टोचू लागली की दोर बाद. महिन्यातून एकदा पट्टी आणि कडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी आणि कडीचा नट शेवटपर्यंत घट्ट आहे का ते पाहावे. प्रत्येक नगाची तारीख, चढाया आणि झालेले पडणे वहीत लिहावे. एकदा खरोखर माणूस पेलला की पट्टी, दोर आणि कडी तिन्ही निवृत्त, त्यांवर ओरखडा दिसत नसला तरी.

निवृत्त केलेली पट्टी तशीच भंगारात टाकू नये. बारा मिलिमीटरचे स्टेनलेस, दोन गोल भोके, घासून गुळगुळीत, अशी वस्तू कोणीही उचलून घरी नेतो, आणि कधीतरी दुसऱ्याच कोणाच्या तरी दोरात ती पुन्हा माडावर जाते. ग्राइंडरने मोठ्या भोकातून आरपार काप घेऊन तिचे दोन तुकडे करावेत, वहीतल्या तिच्या क्रमांकावर काट मारावी आणि मग तुकडे द्यावेत.